बाजेवरच्या माणसाचा प्रवास कोणत्या खात्यात येतो?

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग,
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ,
मा. जिल्हाधिकारी, नांदेड व लातूर.



जुलै २०२४ मध्ये शासनाने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेचा निर्णय काढला. ६० वर्षे पूर्ण केलेल्या आणि अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना देशातल्या आणि राज्यातल्या तीर्थांचे दर्शन घडवायचे, त्यासाठी एका व्यक्तीमागे कमाल ३० हजार रुपये खर्च करायचे, ७५ वर्षांवरील व्यक्तीला सोबत मदतनीस नेऊ द्यायचा, अशी ती योजना. चांगली आहे. आमच्या भागातल्या ज्यांनी शेताच्या बांधापलीकडे फारसे जग पाहिले नाही, त्यांच्यासाठी फारच चांगली आहे. पण त्याच निर्णयात एक अट आहे आणि ती आपण सर्वांनी वाचलेली आहे. अर्जदार प्रवासासाठी शारीरिक आणि मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त हवा, त्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र हवे. क्षयासारखे संसर्गजन्य रोग, हृदयाचे काही आजार, मानसिक आजार असलेल्यांना त्यात जागा नाही.

गाडीत एखाद्या आजारी माणसाचे बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची, असे आपण म्हणाल. मला ते पटते. मी अट काढा म्हणत नाही. माझा प्रश्न त्या अटीच्या पुढचा आहे. डॉक्टरने 'प्रवासास अयोग्य' असे लिहिल्यावर तो कागद हातात घेऊन माणूस घरी जातो. त्याच्यासाठी शासनाने काय ठेवले आहे? त्याच्या वाट्याचे ३० हजार रुपये कुठे गेले? ज्याला सर्वांत कमी जग पाहायला मिळाले, त्याचेच नाव यादीतून सर्वांत आधी कापले गेले. कापणाऱ्या हाताला त्या वेळी काही वाटले असेल का?

ही योजना सामाजिक न्याय विभागाची आहे, आमची नाही, असे आपल्यापैकी काही जण म्हणतील. म्हणूनच हे पत्र एकाच वेळी पाच जणांना लिहिले आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या प्रवासाबद्दल मी एका सरकारी कार्यालयात विचारायला गेलो, तेव्हा मला दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवण्यात आले. तिथे गेलो, तर हा विषय आरोग्याचा आहे असे ऐकले. आरोग्यवाल्यांनी सांगितले की सहली आमच्याकडे येत नाहीत. कोणी उद्धट बोलले नाही, उलट बसायला खुर्ची दिली. पण बाजेवरच्या माणसाचा प्रवास कोणत्या खात्यात येतो, हे मला आजवर कळलेले नाही.

मी मागतो आहे ती गोष्ट जगात जुनी झाली आहे. डोळ्यांवर लावायचा चष्मा, त्यात सर्व दिशांनी चित्रित केलेले ठिकाण, कानाशी तिथले आवाज. मान वळवली की दृश्य वळते. खाली पाहिले की फरशी दिसते, वर पाहिले की शिखर. जपानमध्ये केंटा तोशिमा नावाच्या फिजिओथेरपिस्टने वृद्धाश्रमातल्या माणसांना कुठे जायचे आहे ते विचारले. मग तो स्वतः कॅमेरा घेऊन त्या गावी, त्या रस्त्यावर गेला, चारी बाजूंनी चित्रण करून आणले आणि त्यांना दाखवले. अमेरिकेत वृद्धाश्रमांसाठी हेच काम करणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्या देशातही काशी विश्वनाथ धामात त्रिमितीय चष्म्यातून दर्शन घडवण्याची सोय झाली आहे आणि २०२५ च्या प्रयागराज कुंभात असे चष्मे लावून सोहळा दाखवणारे स्टॉल होते. पण काशीतला चष्मा लावायला काशीला जावे लागते. कुंभातला स्टॉल कुंभात. जो तिथवर पोहोचला त्याला चष्म्याची गरज कमी. ज्याला गरज आहे तो नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या एखाद्या तांड्यावर, किंवा लातूरच्या औसा तालुक्यात एखाद्या पुनर्वसित गावठाणात पडून आहे.

औशाचे नाव सहज आलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपणांस माहीत आहे. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि चार वाजायच्या आत किल्लारी आणि भोवतालची गावे मातीच्या नि दगडांच्या भिंतींखाली गेली. बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. मेलेल्यांची गणती झाली, स्मारके झाली, दरवर्षी त्या दिवशी अधिकारी येऊन फुले वाहतात. कण्याला मार लागून जे जगले, त्यांच्याकडे मात्र तिसाव्या वर्षीही कोणी फारसे वळून पाहिले नाही. माझी थोरली बहीण त्यांतली एक. आम्ही तिला आक्का म्हणतो. कमरेखाली तिला तेव्हापासून संवेदना नाही. नव्या गावातल्या पत्र्याच्या नि सिमेंटच्या खोलीत तिचे आयुष्य गेले. माहूरची रेणुका आमच्या घराची कुलदेवता. आक्काने ती लहानपणी आईच्या कडेवर पाहिली. त्यानंतर नाही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने एकदा दिवाळीला असा चष्मा आणला. त्यात समुद्र होता, कुठल्याशा परदेशातला. आक्काला उताणे झोपवूनच लावावा लागला आणि तिथेच पहिली अडचण आली. उभ्या किंवा बसलेल्या माणसासाठी केलेले ते चित्र. झोपलेल्या माणसाला त्यात नुसते आभाळ दिसते आणि समुद्र पायांच्या दिशेला, न दिसणाऱ्या जागी राहतो. भाच्याने खटपट करून दृश्य फिरवले, तेव्हा कुठे लाट तिच्या समोर आली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "ह्यात माहूर हाय का रे?" भाचा म्हणाला, नाही. पॅरिस आहे, न्यूयॉर्क आहे, हिमालय आहे. माहूर नाही.

माहूर का नाही, याचे उत्तर भाच्याकडे नव्हते. ते आपल्याकडे आहे. चष्म्यात माहूर आपोआप येणार नाही. परदेशी कंपनीला माहूरशी काही देणेघेणे नाही आणि असायचे कारणही नाही. रेणुकेच्या पायऱ्या, दत्तशिखर, अनसूयेचे शिखर, पावसाळ्यात पैनगंगेवर कोसळणारा सहस्रकुंड, देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, कंधारचा खंदकाने वेढलेला किल्ला, उदगीरचा किल्ला, निलंग्याचे नीलकंठेश्वर, खरोशाची टेकडीत कोरलेली लेणी, माळेगावच्या खंडोबाची यात्रा, हे सर्व ज्या शासनाच्या हद्दीत आहे त्या शासनालाच ते चित्रित करावे लागेल. यांतल्या किती ठिकाणांचे सर्व दिशांनी, मराठी निवेदनासह चित्रण आपल्या महामंडळाने करून ठेवले आहे आणि ते सामान्य माणसाला कुठे पाहायला मिळते? असेल तर पत्ता कळवावा. मी आनंदाने हे पत्र मागे घेईन.

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिबाबद्दल वेगळे सांगायला हवे. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथे देह ठेवला, पुढे महाराजा रणजितसिंहांच्या काळात आजची वास्तू उभी राहिली. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी या शहरावर मोठा खर्च झाला, रस्ते, घाट, पूल झाले. पंजाबात, दिल्लीत, परदेशात असे किती वृद्ध शीख असतील ज्यांना आता एवढा लांबचा प्रवास झेपत नाही? गोदावरीच्या काठचे तख्त, तिथला दसऱ्याचा हल्लाबोल, लंगरच्या पंगती त्यांच्यापर्यंत नेणे हे नांदेडच्या आतिथ्याला शोभणारे काम आहे. गुरुद्वाऱ्याची मर्यादा, कुठवर कॅमेरा न्यायचा आणि कुठे थांबवायचा, हे तिथल्या व्यवस्थापनाने ठरवावे. प्रत्येक देवस्थानात हाच नियम असावा. गाभाऱ्यात कॅमेरा नको असेल तर नको. मंडप, पायऱ्या, ओटा, दीपमाळ, बाहेरच्या फुलवाल्या यांनाही मोल आहे. प्रवास म्हणजे फक्त मूर्ती नव्हे.

थेट दर्शनाची सोय तर आहे, असे उत्तर येईल म्हणून आताच सांगतो. पंढरपूर, शिर्डी, तुळजापूरचे दर्शन मोबाइलवर दिसते आणि ती सोय मोलाची आहे. आक्काही पाहते. पण तो कॅमेरा एका जागी खिळलेला असतो, जसा ती खिळलेली आहे. तो दाखवेल तेवढेच पाहायचे. चष्म्याचा फरक इथे आहे: कुठे पाहायचे हे पाहणारा ठरवतो. तीस वर्षे ज्याला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो, त्याला आपल्या मर्जीने डावीकडे पाहता येणे ही लहान गोष्ट नाही. निरोगी माणसाला ती कळायला जड जाते, म्हणून ती ठासून सांगतो आहे.

आता कायद्याकडे येतो. भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या तिसाव्या कलमात सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क आहे आणि त्यात पर्यटन सेवांचा नि सांस्कृतिक महत्त्वाच्या स्मारकांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्याच्या कलम २९ मध्ये संस्कृती आणि करमणूक हा विषय आहे आणि दिव्यांगांना करमणुकीत सहभागी होता यावे म्हणून तंत्रज्ञान, सहायक साधने आणि उपकरणे विकसित करण्याचे काम शासनावर टाकले आहे. मी मागतो आहे ते उपकरण या कलमात बसत नसेल तर कोणते बसते? कायदा लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. त्यानंतर या एका कलमाखाली नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत कोणते काम झाले, हे मला लेखी कळवावे. महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, ३ डिसेंबर २०२२ रोजी. त्या दिवशी आम्ही खूप आशेने बातम्या पाहिल्या. स्वतंत्र विभाग झाला, तर विचारायला जागा तरी झाली, असे वाटले होते.

याच कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ च्या जूनमध्ये निघाले, म्हणजे २०२२ च्या जूनमध्ये मुदत संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजीव रातुरी प्रकरणात सांगावे लागले की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे हवेत. म्हणजे ज्या निकषांवर आम्ही विसंबलो, ते मुळात कुणाला बांधूनच नव्हते. माहूरच्या गडासाठी लिफ्ट आणि स्कायवॉक जाहीर झाल्यालाही वर्षे लोटली. त्या कामाची आजची स्थिती, झालेला खर्च आणि पूर्ण होण्याची तारीख लिहिलेला एक फलक पायथ्याशी कायम असावा एवढी साधी अपेक्षा आहे.

त्याला जोडूनच एक भीतीही सांगतो. चष्मा दिला की रॅम्पची जबाबदारी संपली, असे आपण समजाल, अशी मला खरोखर धास्ती आहे. चाकाच्या खुर्चीवर बसून कंधारला जाऊ शकणाऱ्या मुलाला घरी बसून कंधार पाहा असे सांगणे हा त्याचा अपमान होईल. ज्याला जाता येते त्याला रस्ता, उतार, स्वच्छतागृह आणि लिफ्ट दिलीच पाहिजे. चष्मा आहे तो ज्याला कोणताही उतार बाजेवरून उठवू शकत नाही त्याच्यासाठी: स्नायू झिजत गेलेल्या तरुणासाठी, पार्किन्सनच्या शेवटच्या टप्प्यातल्या आजोबांसाठी, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाऊन उरलेले दिवस थकून पडणाऱ्या बाईसाठी, आणि तिच्या उशाशी वर्षानुवर्षे बसल्यामुळे स्वतःही कुठे न गेलेल्या तिच्या सुनेसाठी. या सुनेची मोजणी तर कोणत्याच यादीत नाही. एका योजनेचा पैसा दुसरीकडे वळवून आम्हांला आपसांत भांडायला लावू नये, ही कळकळीची विनंती.

एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून तिकीट लागत नाही. दिव्यांगांना तिकिटात मोठी सवलत आहे. नांदेडला २०२५ मध्ये मुंबईची वंदे भारत आली. यांतल्या प्रत्येक गोष्टीचा आनंद आहे. पण सवलत तिकिटाला मिळते, एसटीच्या पहिल्या पायरीला मिळत नाही, आणि जो फलाटापर्यंत येऊ शकत नाही त्याला गाडीचा वेग काय कामाचा?

मराठवाड्याला अशा कामाचा एक जुना आणि कडू अनुभव आहे, तो आपल्या महामंडळाच्या नोंदीत असेलच. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या अर्थसाहाय्याने पर्यटक केंद्र उभारले गेले. १, २, १६ आणि १७ या क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती त्यात केल्या. ज्याला चढ चढवत नाही, ज्याला अंधारात भित्तिचित्रे नीट दिसत नाहीत, त्याला ती सपाट जमिनीवर, पुरेशा उजेडात पाहता यावीत आणि मूळ लेण्यांवरचा गर्दीचा भारही हलका व्हावा, ही कल्पना उत्तम होती. २०१३ मध्ये ते सुरू झाले. नंतर पाण्याची नि विजेची बिले थकली आणि ते वर्षानुवर्षे बंद राहिले. जगप्रसिद्ध वारशाच्या दारातली कोट्यवधींची वास्तू वीजबिलावाचून अंधारात राहते, याची जबाबदारी कोणी घेतली? एक तरी अधिकारी त्यासाठी उत्तरदायी ठरला का? नाशिकचे प्रसाद पवार यांच्यासारखा एक छायाचित्रकार अजिंठ्याच्या चित्रांच्या डिजिटल पुनर्निर्मितीला आयुष्याची वर्षे देतो आणि शासनाची संस्था बिल भरू शकत नाही. नवे काम मागताना मी घाबरतो ते याच कारणाने. उद्घाटन होईल, फीत कापली जाईल, चष्मे कपाटात जातील आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या साहेबांकडे राहील. म्हणून देखभालीचा खर्च पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

पैसा नाही, हे उत्तर कृपया देऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग आणि आभासी तंत्रज्ञानाच्या क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. म्हणजे हे तंत्र आपल्याला ठाऊक आहे, त्यात उद्योग नि रोजगार आहे हेही ठाऊक आहे. त्या धोरणात अंथरुणावरच्या नागरिकासाठी एक ओळ, एक लेखाशीर्ष आहे का? त्याशिवाय स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. हा निधी कुठे अखर्चित राहतो, कुठे मार्चअखेर घाईने वाटला जातो, ते ग्रामपंचायतीच्या दफ्तरात दिसते आणि जिल्हाधिकारी महोदयांना ते माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. तीर्थदर्शनासाठी एका माणसामागे जी मर्यादा ठेवली, साधारण तेवढ्या रकमेच्या आसपास एक बरा चष्मा येतो. तो एका घरी थांबत नाही. आज या वस्तीत, उद्या पुढच्या. मोबाइल बसवून वापरायचे साधे चष्मे तर हजार-दीड हजारात मिळतात. त्यांत तेवढी मजा नाही, पण सुरुवात होते. इंटरनेटची रड सांगू नये, कारण चित्रण चष्म्यातच साठवता येते. ज्या वाडीत रेंज नाही तिथेही ते चालते.

आधी पाणी, आधी पीकविमा, मग हे चोचले, असेही काही जण म्हणतील. मी दुष्काळी मुलखातलाच माणूस आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले ते मी पाहिले आहे. शासनाने मनावर घेतले तर साडेतीनशे किलोमीटरवरून रुळांवरून पाणी आणता येते, हे आम्ही त्या उन्हाळ्यात शिकलो. तहान लागली की पाणी हवे. पण तीस वर्षे एकाच भिंतीकडे पाहणाऱ्या माणसालाही तहान लागते. ती दुसरी असते, पण खोटी नसते. आमच्याकडे वारीला जाता न येणारी म्हातारी माणसे आषाढात अंगणात बसून मनाने एकेक मुक्काम चालत. आज त्या मनाला मदत करणारे साधन हाताशी असताना आपण ते दुकानात ठेवावे का?

आता काय करावे ते सांगतो. मी तज्ज्ञ नाही, पण आक्काच्या उशाशी बसून काही गोष्टी शिकलो आहे.

चित्रण करताना कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर लावू नका. खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांची उंची धरा. उताण्या झोपलेल्यासाठी फिरवलेली वेगळी आवृत्ती ठेवा. कॅमेरा हातात धरून चालू नका. डोळ्यांना चाललेले दिसते आणि अंग जागेवर असते, त्याने मळमळते, घेरी येते. एका जागी ठेवा, दोन-चार मिनिटे राहू द्या, मग पुढच्या जागी. एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त दाखवू नका. फेफऱ्याचा आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावूच नका. चष्म्याच्या गाद्या दर वेळी पुसा, कारण तो घरोघर फिरणार. जे पाहू शकत नाहीत त्यांच्यासाठी आवाज नीट टिपा. माहूरच्या पायऱ्यांवरच्या संबळाचा आवाज कोणत्या बाजूने येतो, सहस्रकुंडाचे पाणी जवळ गेल्यावर कसे घुमते, हे कानांनाही पाहता येते. निवेदन आमच्या बोलीतल्या माणसाकडून करून घ्या. बंजारा तांड्यांसाठी गोरमाटीत करा. ऐकू न येणाऱ्यांसाठी खाली मजकूर ठेवा.

आणि सर्वांत आधी विचारा. केंटा तोशिमाचे मोठेपण कॅमेऱ्यात नव्हते, विचारण्यात होते. मंत्रालयात बसून दहा प्रेक्षणीय स्थळांची यादी करू नका. आशाताई घरोघर जातातच, त्यांच्याकडे एक साधा प्रश्न द्या आणि त्या कामाचा वेगळा मोबदलाही द्या, कारण त्यांच्यावर आधीच फार ओझे आहे. बाजेवरच्या माणसाला विचारा, तुम्हांला कुठे जायचे आहे? कुणी माहूर म्हणेल. कुणी म्हणेल, माझे माहेर, निलंग्याच्या बाजूला, आडावरचे लिंबाचे झाड. कुणी किल्लारीचे जुने गावठाण मागेल, जिथे आता पडक्या जोत्यांवर बाभळी आहेत. कुणी मुलगा मुंबईत जिथे राहतो ती चाळ पाहायची म्हणेल. हे पर्यटन नाही, असे आपल्या नियमावलीत असेल, तर नियमावलीत सुधारणा करा. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांत मुले आहेत, कॅमेरा त्यांच्या हाती द्या, एका सत्राचा प्रकल्प म्हणून त्यांना मार्क द्या. लातूरने शिकवण्यात नाव कमावले आहे. त्या मुलांना हे काम शिकायला वेळ लागणार नाही.

यासाठी खाते एकच ठरवा. पर्यटन, दिव्यांग कल्याण, सामाजिक न्याय, आरोग्य, यांपैकी कोणतेही चालेल, पण एकच. दोन्ही जिल्ह्यांत एकेक अधिकारी नेमा, त्याचे नाव नि दूरध्वनी क्रमांक जिल्हा परिषदेच्या दारावर लावा. तीर्थदर्शन योजनेत ज्यांचे अर्ज वैद्यकीय कारणाने नाकारले गेले, त्यांची यादी आपल्याकडे तयार आहे. सुरुवात तिथून करा. त्या प्रत्येकाला आपण एकदा नाही म्हटले आहे. आता त्याच्या घरी स्वतः जाण्याची पाळी आपली आहे.

मला चर्चेचे निमंत्रण नको, सत्कार नको. खालील प्रश्नांची लेखी उत्तरे हवीत आणि ती या दोन्ही जिल्ह्यांतल्या नागरिकांना वाचता येतील अशी जाहीर हवीत. कलम २९ खाली या जिल्ह्यांत आजवर काय केले? आरोग्याच्या अटीमुळे तीर्थदर्शनातून किती अर्ज बाद झाले आणि त्या माणसांसाठी पर्यायी तरतूद कधी करणार? आभासी तंत्रज्ञानाच्या धोरणातला किती निधी दिव्यांग आणि अंथरुणाला खिळलेल्या नागरिकांसाठी राखणार? माहूर आणि हजूर साहिबपासून चित्रणाला कोणत्या तारखेला सुरुवात करणार? पत्राची एक प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना पाठवली आहे, म्हणजे हा विषय त्यांचा आहे की नाही, तेही एकदाचे कळेल.

आपला,
औसा तालुक्यातील एक नागरिक